कोठारात किती

दिवसा मी नाडकचेरीत उतारे छापतो,
खानापूर, खिडकी नंबर दोन.
रात्री साडेदहानंतर, हेस्कॉमची मर्जी असेल तर,
माझ्याकडे एक सुभा असतो :
सतरा गावं, मिठाची एक वाट, मोडका उतार
आणि दक्षिणेकडून ओल धरणारं कोठार.

राजा कोण, मला माहीत नाही.
सोळा-सतरा वर्षांचा असावा,
परीक्षेच्या दिवसांत गायब होतो.
त्याला घोडे हवेत, तोफा हवेत,
आपला तांबडा रंग नकाशावर सांडत जाताना बघायचाय.
उत्तरेचा हा तुकडा त्यानं मला दिला
कारण तो दुसऱ्या कुणी मागितला नव्हता.

पहिल्या वर्षी मी पट्टी वाढवली नाही.
आधीचा सुभेदार बुरूज अर्धाच ठेवून गेलेला,
त्याचे दगड उतरवले, नदीवर पूल घातला.
राजाचा निरोप : बुरूज कुठाय?
कळवलं : आडवा आहे, पाण्यावर.
चार दिवस उत्तर नाही.
पाचव्या दिवशी मिठाच्या गाड्या आल्या,
मग त्यानं हसरा चेहरा पाठवला.

गावांची नावं जिभेवर बसत नव्हती.
खेळात ती बदलता येतात, बदलली.
गिरणीच्या गावाला कणकुंबी,
बाजाराच्या गावाला नंदगड,
आणि जिथं नुसती मेंढरं होती त्या टेकाडाला
माझ्या आजोळचं. ते इथं सांगत नाही.

लढाई जिंकली की पडदाभर झेंडे फडफडतात.
ज्या हिवाळ्यात उपासानं कुणी मेलं नाही
त्याची नोंद खेळ करत नाही.
मी करतो, दोनशेपानी वहीत,
डावीकडे आवक, उजवीकडे तोंडं.
शेजारच्या टेबलावरचा विरूपाक्ष वही चाळून म्हणतो,
"एवढं करून पगार किती देतो तुझा राजा?"
मी म्हणतो, तुझ्या-माझ्याएवढाच, फक्त वेळेवर.

मार्चमध्ये तह झाला.
राजाला समुद्रावरचं एक बंदर हवं होतं,
बदल्यात त्यानं वरचा तुकडा दिला.
मला कुणी विचारलं नाही. विचारायची सोयच नाही खेळात.
रात्री उघडून बघतो तर सगळं निळं,
कणकुंबीवर दुसरंच नाव, नंदगडवर तिसरं,
टेकाडावर तर नुसता आकडा.
पूल तिथंच होता.
मेंढरं मोजली. दोन जास्त भरली.

नव्या राजाचा पहिला निरोप :
तू कुणाचा माणूस?

कर्सर लुकलुकत राहिला.
बाहेर लोंढ्याकडची मालगाडी गेली, लांबलचक,
ती संपेपर्यंत मी काही टाइप केलं नाही.
मग लिहिलं :
कोठारात अकराशे चाळीस पोती आहेत.
दक्षिणेची भिंत पावसाआधी लिंपावी लागेल.
पेरणी आहे, माणसं आत्ता लढाईला नेऊ नका.

सकाळी खिडकीत निंगुबाई हळब,
हातात मीच छापलेली पहाणी.
"वाच की रे बाबा, मला ह्यातलं काय कळतंय?"
कानडीतनं वाचलं, मराठीत सांगितलं :
सर्व्हे नंबर, तेवीस गुंठे, बोजा नाही,
नाव तुमचंच आहे, मावशी.
"आणि डोणीचं?"
तसं काही लिहिलेलं नाही.
"नसंना. डोणीचं शेत म्हणत्यात त्याला,
माझी सासू तिथं भाताला राखण बसायची."
ती हलेना. मागं रांग खाकरायला लागली.
कागद उलटा केला,
मागच्या कोऱ्या बाजूवर, पेन्सिलीनं, बारीक :
डोणीचं.
तिनं ते वाचलं नाही, वाचता येत नाही,
बोट तेवढं फिरवलं त्यावरनं.

पंधरा रुपये झाले.
तिच्याकडं शंभराची नोट होती, सुट्टे नव्हते.
माझ्याकडं होते.